गोदामातला सहावा

नोव्हेंबर उजाडला की कोषागाराच्या व्हरांड्यात म्हाताऱ्यांची झुंबड उडायची. वर्षातून एकदा प्रत्येक पेन्शनराने सरकारपुढे बसून 'मी जिवंत आहे' असं लिहून द्यायचं, अधिकाऱ्याने खाली सही ठोकायची, की पुढचं वर्षभर पेन्शन चालू. याला हयातीचा दाखला म्हणतात. माणूस समोर धडधडीत खोकत उभा असला तरी कागदाशिवाय तो जिवंत नाही, अशी सरकारची पक्की समजूत. म्हातारेही काही कमी नव्हते. "साहेब, यंदाही जमवलं बघा," म्हणत एकजण खुर्चीत टेकायचा, आणि मागून दुसरा ओरडायचा, "आटप लवकर, नाहीतर माझा नंबर यायच्या आत माझाच निकाल लागेल!"

सह्या करणाऱ्या साहेबांना कचेरीत सगळे 'संपादक' म्हणत. तरुणपणी ते चार वर्षं एका दैनिकात बातमीदार होते, एवढ्यावरून. खऱ्या संपादकाच्या खोलीत ते उभ्या नोकरीत दोनदा गेले होते, आणि दोन्ही वेळा बोलणी खाऊन बाहेर आले होते. पण कचेरीत एकदा नाव पडलं की ते बदलीच्या ऑर्डरनेही निघत नाही. आता त्यांच्या निवृत्तीला सतरा दिवस उरले होते. निरोप समारंभाची वर्गणी गोळा झाली होती. असा माणूस खरं तर मजेत असायचा. संपादकांना मात्र अन्न गोड लागत नव्हतं, आणि त्याचं कारण त्यांच्या टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये कुलपात होतं.

दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात टपालाने एक दाखला आला होता. फॉर्म बरोबर, फाइल नंबर बरोबर, खाली लांबच्या एका गावच्या पोस्टमास्तरचा शिक्का. पेन्शन शाखेच्या कारकुनाने, ज्याला सगळे भाऊसाहेब म्हणत, तो आणून टेबलावर ठेवला.

"साहेब, कुणीतरी थट्टा केलीय. हा माणूस आपल्याकडे मयत आहे. धान्यगोदामाचा पहारेकरी होता, आगीत गेला. त्याच्या बायकोला कुटुंब पेन्शन चालू आहे. आपल्या मावशी नाहीत का, त्या."

"ठेवा. मी बघतो," ते म्हणाले. बघितलं ते एवढंच, की कागद ड्रॉवरमध्ये नीट गेला आहे आणि कुलूप लागलं आहे. पुढच्या नोव्हेंबरात दुसरा दाखला आला. त्यावरची सही पहिल्यापेक्षा जास्त थरथरत होती. यंदा तिसरा आला, आणि सहीच्या जागी अंगठा होता.

थट्टा करणारा माणूस दोन वर्षांत इतका थकत नाही. आणि संपादकांना तो पहारेकरी मेल्याची पक्की खात्री होती, कारण त्याला मारलं होतं त्यांनीच. लेखणीने.

एकतीस वर्षांपूर्वी सरकारी धान्यगोदामाला आग लागली. सकाळी नऊला संपादक पोचले तेव्हा पोती अजून धुमसत होती. मागच्या शेडमध्ये झोपलेल्या पाच हमालांवर भिंत कोसळली होती, त्यांची ओळख त्यांच्या सोबत्यांनी पटवली. सहावा पहारेकऱ्याच्या खोलीत सापडला. दार जळून पडलं होतं, चेहरा उरला नव्हता. अंगात पहारेकऱ्याचा कोट, कोटावर पितळी बिल्ला, आणि हजेरीपटावर त्या रात्रीचं नाव. आणखी काय पुरावा हवा? तरी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले होते, "घाई करू नका. बायकोला बोलावलंय. तिला बघू द्या."

पण पोस्टातून ट्रंक कॉल लावायला दोन तास लागायचे, आणि तो दुपारी चारला लागला. पलीकडे मुख्य वार्ताहर होता. "पाच नावं आणि एक अनोळखी? अनोळखी माणसासाठी कोण रडतं? समोरच्या पेपरकडे सहाही नावं असणार!" संपादकांनी सहावं नाव सांगितलं. नुसतं नाव सांगून थांबते तरी ठीक होतं, पण वय सत्तावीस, हातात फोन, पलीकडे साहेब खूश. धूर दिसताच पळ न काढता हा कर्तव्यदक्ष पहारेकरी अखेरच्या श्वासापर्यंत आपल्या जागी उभा राहिला, असंही त्यांनी सांगून टाकलं. हे त्यांना कुणी सांगितलं होतं? कुणीही नाही.

फोन ठेवून ते दवाखान्यात परतले तेव्हा ती बाई व्हरांड्यात आली होती. रडत नव्हती. त्यांच्या हातातली डायरी बघून सरळ त्यांच्याकडे आली आणि म्हणाली, "हे ते नाहीत."

"बाई, धक्का बसलाय तुम्हाला. थोडं पाणी प्या," संपादक म्हणाले.

पोस्ट तिथून चार मिनिटांवर होतं. ते गेले नाहीत. पुन्हा दोन तास थांबायचं, पुन्हा मुख्य वार्ताहराच्या शिव्या खायच्या, आणि तेही दुःखाने भान सुटलेल्या बाईच्या शब्दावर! दुसऱ्या दिवशी खात्याच्या लोकांनी तोच पेपर तिच्यापुढे धरला आणि ओळख पटल्याच्या कागदावर सही घेतली. छापून आलंय म्हटल्यावर तिचं कोण ऐकणार?

त्यानंतर संपादकांचं बातमीदारीत मन लागेना. साध्या सायकलच्या अपघाताची बातमी असली तरी ते जखमीचं नाव तिघांना विचारून घ्यायचे, आणि तेवढ्यात अंक निघून जायचा. "तू बातमीदार आहेस की तपासनीस?" मुख्य वार्ताहर एकदा खवळून म्हणाला. दोन वर्षांनी त्यांनी परीक्षा दिली आणि खरोखरच तपासनीस झाले. कोषागारात प्रत्येक आकड्यामागे कागद लागतो, हे त्यांना फार आवडलं. लोकांना मात्र ते सांगायचे की पेपरात पगार वेळेवर होत नव्हता. तेही खोटं नव्हतं.

आठ वर्षांपूर्वी ते पेन्शन शाखेत आले आणि त्या पहारेकऱ्याची फाइल उघडून बघितली. पान अकरावर टाचणीने लावलेलं कात्रण होतं. पिवळ्या कागदावर त्यांचीच वाक्यं. मृत्यूचा आधार: वृत्तपत्र. ज्या कोषागाराच्या पोटात ते लपायला आले होते, तिथे त्यांची बातमी त्यांच्या आधीच येऊन बसली होती.

आणि दर नोव्हेंबरात ती बाई येऊ लागली. सगळी कचेरी तिला मावशी म्हणायची. बोलायला फटकळ, भाऊसाहेबांची बोलती बंद करणारी. संपादक मान खाली घालून नियमाचा प्रश्न विचारायचे, "पुनर्विवाह केला आहे का?" ती म्हणायची, "एकदा केला तेवढ्याने भागलं." सगळे हसायचे. संपादक सही करायचे आणि पुढच्याला आवाज द्यायचे. तिने आपल्याला ओळखलेलं नाही, या एका गोष्टीवर त्यांनी आठ वर्षं काढली होती.

दाखले यायला लागल्यापासून मात्र सगळंच बिघडलं. रांगेतला अनोळखी म्हातारा समोर बसला की ते आधी त्याच्या फाइलीतला फोटो शोधायचे. व्हरांड्यातल्या बाकावर कोट घातलेला कुणी बसलाय असं काचेतून दिसायचं, उठून बघावं तर भिंतीला टेकवलेली छत्री. घरी कधी दूध करपलं तर बायकोला ओरडायच्या आधी ते घराबाहेर पडायचे, कारण त्या वासाबरोबर धुमसणारी पोती डोळ्यांपुढे यायची. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते काही उगाच नाही.

तिसरा दाखला आला त्या रविवारी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. ऐकता ऐकता एकाच टॉवेलची तिने चार वेळा घडी घातली.

"सतरा दिवस," ती म्हणाली. "एकतीस वर्षं गप्प बसलात, आणखी सतरा दिवस बसवत नाही?"

"माझ्या जागी जो येईल तो ड्रॉवर उघडेल."

"मग कागद फाडा ना!"

"पुढच्या नोव्हेंबरात चौथा येईल. तो भाऊसाहेबांच्या हाती पडेल, आणि त्या मावशीच्या दारात पोलीस उभे राहतील. तिला काही माहीत आहे की नाही, तेसुद्धा मला माहीत नाही."

"आणि तुम्ही तोंड उघडलंत तर? चौकशी लागेल. तुमची पेन्शन लटकेल. आपण काय खायचं, तुमची कात्रणं?"

तिने टॉवेल बाजूला फेकला. "जाऊन तरी या त्या पत्त्यावर. माणूस आहे की भूत आहे, एकदाचं कळू दे. दोन वर्षं झाली, घरात जरा कुणी खोकलं की दचकता. मलाही आता अंधारात भास व्हायला लागलेत."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ते बसने निघाले. पोस्टमास्तरने लगेच घर दाखवलं. "तो म्हातारा होय? दर नोव्हेंबरात फॉर्म घेऊन यायचा. यंदा मीच त्याच्या घरी गेलो अंगठा घ्यायला. एकटाच असतो."

एका सायकल दुरुस्तीच्या दुकानामागे खोली होती. खाटेवर हाडांचा सापळा झालेला एक म्हातारा उशीला टेकून बसला होता. भुवया नव्हत्या, बाकी सगळं फाइलीतल्या फोटोसारखंच, फक्त वाळलेलं. संपादक दारातच थबकले. आपण ज्याला मारलं तो आपल्याकडे बघून मान हलवतोय, हे सोसायला वेळ लागतो.

"कोषागारातून आलात ना?" म्हातारा म्हणाला. "दोन वर्षं लावलीत. सरकारी काम म्हणजे असंच."

"ती बातमी मी लिहिली होती," संपादक म्हणाले. आधी बसायचं, ओळख काढायची, मग हळूहळू विषयावर यायचं, असं त्यांनी बसमध्ये ठरवलं होतं. त्यातलं काहीच झालं नाही.

म्हाताऱ्याने त्यांच्याकडे टक लावून पाहिलं आणि मग खोकत खोकत हसला. "तुम्हीच होय मला मारणारे! बसा, बसा. छान लिहिलं होतंत हो. कर्तव्यदक्ष! बायकोनेसुद्धा कधी असं कौतुक केलं नव्हतं."

मग त्याने सांगितलं. त्या रात्री त्याला पत्ते खेळायला जायचं होतं. तीन आठवड्यांपूर्वी एक तरुण हमाल रोजंदारीवर लागला होता, शांत, सांगेल ते ऐकणारा. पहारेकऱ्याने त्याला आपला कोट घातला, आपल्या जागी बसवलं, आणि तपासायला कुणी आलं तर गजांमागच्या काचेतून कोट तरी दिसेल अशी तजवीज केली. परत आला तेव्हा गोदाम पेटलेलं होतं. खोलीकडे धावला, भुवया जळल्या, पुढे जाता येईना. मग गर्दीत उभा राहिला आणि गर्दीतून पळाला. दोन दिवसांनी लांबच्या एका बसस्टँडवर त्याने आपल्या मरणाची बातमी वाचली.

"जागा सोडली म्हणून तुरुंग होता. मेलो तर बायकोला पेन्शन होती," म्हातारा म्हणाला. "तुम्ही मला मेलेला ठेवलंत, मी तसाच राहिलो. बायकोला काही कळवलं नाही. काय कळवणार?"

"मग आता दाखले का पाठवता? पैसे हवेत?"

"पैसे!" म्हातारा चिडला. "मला जिवंत व्हायचंच नाहीये, साहेब. मी जिवंत आहे म्हटल्यावर कुणीतरी विचारील ना, की मग गोदामात जळाला तो कोण? एवढंच कुणीतरी विचारावं म्हणून. पत्र लिहायला हात धजत नव्हता. हा फॉर्म आयताच होता, त्यात काही सांगावं लागत नाही."

"कोण होता तो? नाव काय त्याचं?"

"आम्ही त्याला 'नवा' म्हणायचो. नाव कुणी विचारलंच नाही. मीसुद्धा नाही." त्याने चादर गळ्यापर्यंत ओढली. "आणि एक सांगतो. ते तुमच्या बातमीत नव्हतं. पोरगा जागा सोडून इकडे-तिकडे जाऊ नये म्हणून मी जाताना खोलीला बाहेरून कडी लावली होती."

संपादक परतीच्या बसमध्ये बसले आणि सगळा रस्ता त्यांना ती कडी दिसत राहिली. आपण ज्याला अखेरच्या श्वासापर्यंत आपल्या जागी उभा केला होता, तो पोरगा कोंडलेला होता. एकतीस वर्षं कुठेतरी कुणीतरी त्याची वाट बघत असेल, नाहीतर पळून गेला म्हणून शिव्या घालत असेल. त्याच्या मरणाचा कागद जगात कुठेच नव्हता, कारण त्याच्या वाटचं मरण दुसऱ्याच्या नावावर जमा झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मावशीच्या घरी गेले. दोन खोल्या, खिडकीत शिलाई मशीन, वाळत घातलेले कपडे. तिने दार उघडलं आणि त्यांच्या बगलेतली फाइल बघितली.

"या साहेब. बसा. पुनर्विवाहाबद्दल विचारायला घरी येऊ लागलात की काय?"

संपादकांना हसू आलं नाही. खुर्चीच्या अगदी टोकावर बसून त्यांनी सांगायला सुरुवात केली. दाखल्यांचं सांगितलं, गावाचं सांगितलं, खाटेचं सांगितलं. तिचा नवरा जिवंत आहे हे वाक्य आलं तेव्हा ती मशीनच्या स्टुलावर बसली. रडली नाही.

"जेवतो का नीट?" तिने विचारलं.

"फारसं नाही."

"पत्ते खेळायला गेला असणार."

"हो."

ती मान हलवत राहिली. मग म्हणाली, "तो मेला नसेल असं मला कधी वाटलं नाही. मला वाटायचं, त्याची राखच झाली असेल म्हणून हाती काही लागलं नाही, आणि हा कुणी दुसराच माझ्या पदरी आला. ते मात्र मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी तुम्हाला सांगितलंही होतं."

संपादकांनी वर पाहिलं.

"व्हरांड्यात. डायरीवाले तुम्हीच ना? पाणी प्या म्हणालात. आठ वर्षांपूर्वी कचेरीत बघितलं तेव्हाच ओळखलं. दरवर्षी वाटायचं, यंदा विचारतील. तुम्ही आपले पुनर्विवाहाचंच विचारत बसायचात!"

"चुकलो मी, मावशी," ते म्हणाले. एकतीस वर्षांत हे शब्द त्यांनी पहिल्यांदाच कुणापुढे उच्चारले होते, आणि उच्चारल्यावर मोकळं वाटेल असं जे म्हणतात, तसं काही वाटलं नाही.

"आता काय करणार?"

"लिहून देणार. वरच्या कचेरीला, पोलिसांना आणि पेपरला. पण तुमची पेन्शन त्या दिवशी बंद होईल. वसुलीही काढतील. तुमचा जबाब नसेल तर मी एकटा माझ्यापुरतं लिहीन, तुम्हाला काही माहीत नव्हतं असं लिहीन. ते खपून जाईल."

"आणि तुमचं काय?"

"माझंही अडकेल."

ती उठली, खिडकीतले कपडे उगाच सारखे केले, परत येऊन बसली. "माणूस परका होता, पण शेवटचं सगळं मीच केलं त्याचं. मी त्याला पाऊण तास बघितलंय, साहेब. नवरा शोधत होते ना, म्हणून नखशिखान्त बघितलंय. त्याच्या आईला, बहिणीला, कुणाला तरी खूण पटेल. माझ्याशिवाय कुणाला माहीत आहे ते? लिहा. मी सांगते तसं लिहा, आणि हळू लिहा."

संपादकांनी कागद काढला.

"डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली होती. लहानपणापासूनची असणार. त्याच घोट्यावर जुना व्रण, कोयरीच्या आकाराचा. उंची माझ्या नवऱ्याहून वीतभर कमी. कोटाच्या बाह्या त्याच्या बोटांपर्यंत येत होत्या. खालचा एक दात पडलेला. वय वीसच्या आतबाहेर, पोटरीवरून कळत होतं, पोरसवदा होती."

ते लिहीत गेले. एकही शब्द आपल्या पदरचा घातला नाही. एकदा त्यांनी 'तरुण' लिहिलं, आणि तिने म्हटलं होतं तेवढंच ठेवायला ते खोडलं.

"हात," ती म्हणाली, आणि थांबली. "उजव्या हाताची नखं मुळापासून तुटली होती. सगळी. डाव्या हाताचीही, दोन सोडून. हे मी कधी कुणाला बोलले नाही. मला त्याचा अर्थच लागायचा नाही. खोलीला दार होतं की. तो बाहेर का नाही आला?"

संपादकांची लेखणी थांबली. तिच्या नवऱ्याचं बाकी सगळं तिला सांगून झालं होतं, एवढंच त्यांनी सांगितलं नव्हतं. धूर फार होता, असं म्हणता आलं असतं. झोपेत असेल, असं म्हणता आलं असतं. सोपं होतं, दयाळूपणाचंही होतं, आणि त्यांना ते चांगलं जमत होतं.

"दार बाहेरून बंद होतं," ते म्हणाले.

"कुणी लावलं?"

त्यांनी तिच्याकडे बघितलं. बोलायची गरज पडली नाही. तिचे दोन्ही हात मशीनच्या फळीवर घट्ट झाले. खाली रस्त्यावरून कुणीतरी भंगारवाला ओरडत गेला. त्याचा आवाज वळणापलीकडे जाईपर्यंत ती तशीच बसून होती.

"तेही लिहा," ती म्हणाली.